हेडलाइटला रिले आणि नवे वायरिंग : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४

गाडी जुनी आहे, १२ व्होल्टची आहे आणि तिच्या हेडलाइटमध्ये ६०/५५ वॅटचे एच-४ बल्ब (एकाच बल्बमध्ये हाय बीमचे ६० आणि लो बीमचे ५५ वॅटचे, अशी दोन फिलामेंट) आहेत. रात्री लो बीमवर रस्ता पिवळट आणि उथळ दिसतो, आणि डावा दिवा उजव्यापेक्षा मंद असल्याचा संशय बरेच दिवस आहे. बल्ब बदलून पाहिले तरी फरक पडला नाही. आज दोन्ही दिवे बाहेर काढून तपासले. रिफ्लेक्टरचा चकाकता थर शाबूत आहे, काच आतून-बाहेरून स्वच्छ आहे आणि बल्बच्या नळीवर काळेपणा आलेला नाही. म्हणजे दिव्यात दोष नाही. बल्बपर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचते का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते आधी लिहून ठेवतो. एच-४ बल्बचा प्रकाश १३.२ व्होल्टवर मोजून ठरवलेला असतो: हाय बीमला १६५० ल्युमेन आणि लो बीमला १००० ल्युमेन. फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही, तो साधारण ३.४ व्या घाताने घटतो. व्होल्टेज पाच टक्के कमी झाले तर सुमारे १६ टक्के प्रकाश जातो आणि दहा टक्के कमी झाले तर ३० टक्के जातो. वायरीत एखादा व्होल्ट हरवला तर काय मोठेसे, असे वाटणे साहजिक आहे, पण हेडलाइटच्या बाबतीत तो एक व्होल्ट फार महाग पडतो.

अशा वेळी १००/९० वॅटचे बल्ब लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मान्य नाही. तसला बल्ब त्याच बारीक वायरीतून ८ ॲम्पियरहून अधिक प्रवाह ओढतो, त्यामुळे वायरीतली घट आणखी वाढते, प्लग तापतात आणि जास्तीची उष्णता रिफ्लेक्टरला सोसावी लागते. मूळ वॅटचाच बल्ब ठेवून त्याला त्याचे पूर्ण व्होल्टेज द्यायचे, एवढेच या कामाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच, आणि नवे वायरिंग बसवायचे आहे.

७ जानेवारी २०२४

आजचा दिवस मोजमापात गेला. इंजिन चालू ठेवून, रेस थोडी वाढवून बॅटरीच्या दोन्ही खांबांवर १४.१ व्होल्ट स्थिर मिळाले. लो बीम लावला आणि बल्ब प्लगमध्येच ठेवून, प्लगच्या मागच्या बाजूने मल्टिमीटरच्या टोकदार सुया आत सरकवून वाचन घेतले. बल्ब काढून रिकाम्या प्लगवर मोजल्यास जवळजवळ पूर्ण १४ व्होल्ट दिसतात आणि वायरिंग उत्तम असल्याचा भास होतो. प्रवाह वाहत नसेल तर घट होणारच नाही, म्हणून हे मोजमाप भार चालू असतानाच करायला हवे.

डाव्या बल्बवर १२.०५ व्होल्ट आणि उजव्यावर १२.३७ व्होल्ट मिळाले. वरच्या घाताच्या हिशेबाने डावा दिवा आपल्या ठरलेल्या प्रकाशाच्या जेमतेम ७३ टक्के आणि उजवा ८० टक्के प्रकाश देत आहे. म्हणजे दोन दिव्यांतला फरक डोळ्यांचा भास नव्हता.

मग घट नेमकी कुठे होते ते शोधण्यासाठी मीटरची एक सुई बॅटरीच्या धन खांबावर पक्की केली आणि दुसरी एकेका टप्प्यावर नेली. बॅटरीपासून फ्यूज बॉक्सपर्यंत ०.२२ व्होल्ट, फ्यूज बॉक्सपासून हेडलाइटच्या स्विचपर्यंत ०.३१, खुद्द स्विचमध्ये ०.३८, डिपरच्या (हाय-लो बीम बदलणाऱ्या) स्विचमध्ये ०.२७ आणि तिथून डाव्या दिव्याच्या प्लगपर्यंत ०.४० व्होल्ट, अशी धन बाजूची घट १.५८ व्होल्ट झाली. त्यानंतर एक सुई बॅटरीच्या ऋण खांबावर ठेवून बल्बच्या अर्थच्या (बॉडीमार्गे बॅटरीकडे परत जाणाऱ्या ऋण बाजूच्या) पिनेवर मोजले, तर तिथेच ०.४७ व्होल्ट सापडले. दोन्ही मिळून २.०५ व्होल्ट, म्हणजे १४.१ मधून १२.०५ उरतात आणि हिशेब बरोबर जुळतो. उजव्या बाजूला धन घट १.४७ आणि अर्थची घट ०.२६ व्होल्ट आहे.

दोन गोष्टी ठळकपणे नोंदवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे हेडलाइटच्या स्विचमधले ०.३८ व्होल्ट. दोन्ही दिव्यांचे मिळून सुमारे १० ॲम्पियर त्या एकाच स्विचमधून जातात, म्हणजे त्याच्या पोटात जवळजवळ ४ वॅट उष्णता सतत तयार होते. हा स्विच हाताला कोमट का लागतो, याचे उत्तर त्यात आहे. दुसरी गोष्ट अर्थची. डाव्या दिव्याची जवळपास पाव घट अर्थच्या बाजूला आहे आणि नुसता धन बाजूला रिले बसवला असता तर ती जशीच्या तशी राहिली असती. रिले बसवूनही म्हणावा तसा उजेड पडला नाही अशी तक्रार जिथे येते, तिथे मी सर्वांत आधी अर्थ मोजायला सांगेन.

१३ जानेवारी २०२४

डाव्या दिव्याचा प्लग उघडला. लो बीमच्या पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन कडेला भेगाळले आहे आणि पितळी टर्मिनलची पकड सैल पडली आहे. वायरचे आवरण बोटभर मागे सोलून पाहिले तर तांबे लाल दिसायच्या ऐवजी काळपट आणि कळकलेले होते. सैल पकड तापते, तापली की आणखी सैल होते, आणि हे चक्र प्लग जळेपर्यंत चालू राहते. अर्थची वायर बॉडीला जिथे स्क्रूने बसवली आहे तिथे थिंबलखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंजाचा थर आहे.

मूळ रचनेत बॅटरीची वायर आधी फ्यूज बॉक्सकडे, तिथून डॅशबोर्डखाली स्विचकडे, मग स्टिअरिंगजवळच्या डिपरकडे आणि मग पुन्हा बॉनेटखाली दिव्यांकडे येते. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो, म्हणजे १० ॲम्पियरला दर मीटरमागे ०.१७ व्होल्ट जातात, आणि त्यात प्रत्येक जोडाची भर पडते. रिलेने हा सगळा वळसा टळतो. जुन्या वायरिंगने फक्त रिलेच्या कॉइलला (आतला स्विच ओढणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला) हुकूम द्यायचा आणि दिव्यांचा प्रवाह बॅटरीपासून थेट जाड वायरीने जायचा.

आराखडा पक्का करण्यापूर्वी एक तपासणी अत्यावश्यक होती. काही गाड्यांत, विशेषतः अनेक जपानी गाड्यांत, हेडलाइटचा स्विच अर्थच्या बाजूला असतो आणि बल्बच्या दोन्ही फिलामेंटच्या सामाईक पिनेवर धन पुरवठा असतो. अशा गाडीला नेहमीचा आराखडा चालत नाही, कॉइलची जोडणी बदलावी लागते. लो बीम चालू ठेवून सामाईक पिनेवर बॉडीच्या संदर्भात मोजले, तेव्हा अर्ध्या व्होल्टहून कमी मिळाले. म्हणजे आपल्या गाडीत सामाईक पिन अर्थचीच आहे. ज्या नव्या गाड्यांत बल्ब गेल्याची सूचना देणारी यंत्रणा असते किंवा संगणक हेडलाइटला तुकड्या-तुकड्याने पुरवठा देतो, तिथेही हा साधा आराखडा जसाच्या तसा उचलू नये. कॉइल पुरेसा प्रवाह घेत नाही म्हणून यंत्रणेला बल्ब गेल्यासारखे वाटते, आणि तुटक पुरवठ्यावर रिले थरथरतो.

ठरलेला आराखडा असा आहे. बॅटरीच्या धन खांबापासून शक्य तितक्या जवळ ३० ॲम्पियरचा मुख्य फ्यूज, तिथून ४ चौरस मिलिमीटरची वायर दोन रिलेंच्या ३० क्रमांकाच्या (प्रवाह आत येणाऱ्या) पिनांना, एक रिले लो बीमला आणि दुसरा हाय बीमला. प्रत्येक रिलेच्या ८७ क्रमांकाच्या (प्रवाह बाहेर नेणाऱ्या) दोन पिनांवरून डाव्या आणि उजव्या दिव्याला स्वतंत्र वायर, आणि प्रत्येक वायरीत १० ॲम्पियरचा वेगळा फ्यूज. एकच फ्यूज ठेवला असता तर काम सोपे झाले असते, पण तो उडाला की दोन्ही दिवे एका क्षणात विझतात, आणि चालत्या गाडीत रात्री तसे घडण्याची शक्यता मला कोणत्याही सोयीसाठी नको आहे. मुख्य फ्यूज ३० ॲम्पियरचा ठेवण्याचे कारण म्हणजे लो बीम चालू असताना हाय बीमची उघडझाप केली की क्षणभर चारही फिलामेंट पेटतात आणि प्रवाह २२ ॲम्पियरच्या आसपास जातो.

रिलेंना हुकूम उजव्या दिव्याच्या जुन्या प्लगमधून घ्यायचा, कारण तो सुस्थितीत आहे. त्यात तीन पात्यांचा नर प्लग बसवला की मूळ वायरिंग कुठेही कापावे लागत नाही आणि गरज पडल्यास काही मिनिटांत सगळे पूर्ववत करता येते.

२० जानेवारी २०२४

सामान जमले आणि रिले टेबलावरच तपासून घेतले. कॉइलचा रोध सुमारे ८० ओहम आला, म्हणजे १४ व्होल्टला ती जेमतेम ०.१७ ॲम्पियर घेईल. आजवर १० ॲम्पियर वाहणाऱ्या स्विचवर आता एवढाच भार राहील.

पाच पिनांचा रिले घेताना एक गोष्ट बारकाईने पाहावी लागते. बाहेरून अगदी सारखे दिसणारे दोन प्रकार असतात. एकात मधली पिन ८७ए असते आणि रिले बंद असताना ती ३० ला जोडलेली राहते, तर दुसऱ्यात मधली पिन दुसरी ८७ असते. आपल्याला दुसरा प्रकार हवा आहे. डब्यावरच्या आकृतीवर न थांबता मीटरने खात्री केली: रिले बंद असताना ३० आणि मधली पिन यांत जोड असता कामा नये. पहिला प्रकार चुकून बसला तर किल्ली काढल्यावरही एका बाजूचा दिवा जळत राहील.

कॉइलचा पुरवठा तुटतो तेव्हा उलट्या दिशेने मोठ्या व्होल्टेजचा झटका येतो. तो शमवण्यासाठी काही रिलेंत कॉइलला समांतर डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो आणि काहींत रोधक. डायोडवाल्या रिलेत कॉइलच्या दोन पिनांपैकी ८६ ला धन आणि ८५ ला अर्थ असेच जोडावे लागते, कारण उलटे जोडल्यास डायोडमधून थेट शॉर्ट होतो. मी रोधकाचे रिले घेतले आहेत, तरीही वायरींची जोडणी त्याच क्रमाने ठेवणार आहे, म्हणजे पुढे कोणी डायोडचा रिले बसवला तरी धोका नको.

२१ जानेवारी २०२४

वायरिंगचा संच गाडीबाहेरच तयार केला. आधी बॉनेटखाली सुतळी फिरवून लांबी घेतली, वळणांसाठी आणि दिवा बाहेर काढता यावा म्हणून थोडी जास्त धरली. दिव्यांच्या वायरी २.५ चौरस मिलिमीटरच्या आहेत आणि कॉइलच्या १ चौरस मिलिमीटरच्या. दिव्यांकडे जाणारे प्लग सिरॅमिकचे घेतले. ते ठिसूळ असतात, हाताळताना जपावे लागते, पण उष्णतेने वितळत नाहीत.

टर्मिनल बसवताना सोल्डर वापरले नाही. सोल्डर तारेच्या पेडांमध्ये वर चढते आणि तिथवरची वायर ताठ होते. इंजिनाच्या कंपनांनी ती नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. योग्य जबड्याच्या पकडीने दाबलेले टर्मिनल कंपनांना अधिक टिकते. प्रत्येक टर्मिनल दाबल्यावर हाताने जोर लावून ओढून पाहिले. जे तसूभरही सरकले ते कापून नव्याने बसवले. त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवली, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. सगळ्या वायरी पन्हाळीदार नळीत घालून तिची टोके कापडी टेपने बांधली.

२७ जानेवारी २०२४

बॅटरीचा ऋण खांब सोडवून बसवणीला सुरुवात केली. दोन्ही रिले बॅटरीच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर, पिना खाली येतील असे बसवले, म्हणजे आत शिरलेले पाणी साचून राहणार नाही. एक्झॉस्टच्या उष्णतेपासूनही ही जागा दूर आहे. उजव्या दिव्याकडची नळी रेडिएटरच्या वरच्या पट्टीमागून नेली. पत्र्यातून वायर जिथे जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवले. मुख्य फ्यूजच्या अलीकडचा वायरचा तुकडा मुद्दाम आखूड ठेवला आहे, कारण तेवढ्या भागाला फ्यूजचे संरक्षण नाही. पत्र्याची धार लागून तिथले आवरण कापले गेले तर आग लागण्याइतका प्रवाह वाहू शकतो.

अर्थसाठी जुना स्क्रू वापरला नाही. दोन्ही दिव्यांच्या अर्थच्या २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरी बॅटरीजवळच्या एका नव्या बोल्टवर आणल्या आणि तिथून ४ चौरस मिलिमीटरची वायर बॅटरीच्या ऋण खांबाकडे नेली. बोल्टखालचा रंग पॉलिशपेपरने उजळ धातू दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला आणि नट घट्ट केल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावली. ज्या गाडीत ऋण खांबावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो, तिथे ही वायर खांबाला न लावता सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला जोडायला हवी.

डाव्या दिव्याचा जुना, भेगाळलेला प्लग रिकामा राहिला आहे. लाइट लावल्यावर त्याच्या पिनांवर अजूनही पुरवठा येतो, म्हणून तो टोपी घालून, टेपने गुंडाळून पत्र्यापासून दूर बांधला. नवे बल्ब काचेला बोट न लावता बसवले. बोटाचे तेल क्वार्ट्झवर राहिले की त्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

२८ जानेवारी २०२४

फ्यूज न घालता आधी लाइटचा स्विच लावून पाहिला. दोन्ही रिले आपापल्या वेळी टक् करून ओढले जातात, म्हणजे हुकुमाची बाजू बरोबर आहे. त्यानंतर एकेक फ्यूज घालत प्रत्येक फिलामेंट वेगळे तपासले. लो बीम, हाय बीम, उघडझाप आणि डॅशबोर्डवरचा निळा दिवा हे सर्व ठीक चालते.

मग ७ तारखेचेच मोजमाप, त्याच पद्धतीने, बॅटरीवर १४.१ व्होल्ट असताना घेतले. डाव्या दिव्यात धन बाजूची घट ०.२१ आणि अर्थची ०.०७ व्होल्ट, बल्बवर १३.८२ व्होल्ट. उजव्यात धन ०.२४ आणि अर्थ ०.१०, बल्बवर १३.७६ व्होल्ट. उजवीकडची वायर लांब आहे, तेवढाच हा फरक आहे. हिशेबाने डाव्या दिव्याचा प्रकाश आधीच्या १.६ पट आणि उजव्याचा सुमारे १.४ पट झाला, आणि बल्बचे वॅट तेच आहेत. प्रकाशाचा रंगही बदलला. पिवळसर तपकिरी छटा गेली, कारण फिलामेंट आता जास्त तापते.

याची एक किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. फिलामेंटच्या बल्बचे आयुष्य व्होल्टेजच्या साधारण १३ व्या घाताने घटते. १३.२ व्होल्टच्या तुलनेत १३.८ व्होल्टवर ते जवळजवळ निम्मे होते. मला ही अदलाबदल मान्य आहे, पण म्हणूनच अल्टरनेटरचे (इंजिनावर चालणाऱ्या जनित्राचे) व्होल्टेज तपासून घेणे आवश्यक होते. रेस वाढवूनही ते १४.२ च्या वर गेले नाही. ज्या गाडीत हे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडून १५ व्होल्ट येतात, तिथे आधी रेग्युलेटर दुरुस्त करावा. अशा गाडीत जुन्या वायरिंगची घटच बल्बना वाचवत असते.

अर्धा तास लो बीम चालू ठेवून फ्यूजधारक, रिले आणि प्रत्येक जोड हाताने चाचपला. रिलेचे कवच कोमट आहे, बाकी काहीच तापलेले नाही. हेडलाइटचा स्विच आता थंड राहतो.

१० फेब्रुवारी २०२४

दिव्यांचा रोख तपासला. रिलेमुळे रोख बदलत नाही, पण प्रकाश दीडपट झाला की थोडासा उंच रोखही समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. ही तपासणी पूर्ण झाल्याशिवाय गाडी रात्री बाहेर काढायची नाही, असे ठरवले होते. टायरमध्ये योग्य हवा भरून, चालकाच्या जागी माणूस बसवून, सपाट जमिनीवर गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी केली. दिव्याच्या आवरणावर लो बीमचा उतार १ टक्का छापलेला आहे, म्हणजे १० मीटरवर प्रकाशाची वरची कड बल्बच्या मध्याच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर खाली यायला हवी. उजवा दिवा बरोबर होता. डावा ३ सेंटिमीटर उंच होता. तो इतके दिवस मंद असल्यामुळे लक्षात आला नव्हता. स्क्रूने खाली आणला.

६ जुलै २०२४

पावसात गाडी बरीच चालल्यानंतर सर्व वाचने पुन्हा घेतली. डावी बाजू जवळजवळ जशीच्या तशी आहे: धन ०.२२, अर्थ ०.०७. उजव्या दिव्याची अर्थची घट मात्र ०.१० वरून ०.१३ व्होल्ट झाली आहे. सामाईक बोल्ट आणि बॅटरीपर्यंतची वायर दोन्ही दिव्यांना एकच आहे, म्हणून दोष उजव्या वायरीच्या स्वतःच्या टोकांतच असणार. तिचे थिंबल बोल्टवर हाताने किंचित फिरत होते. नट सोडून, थिंबल घासून, लॉक वॉशर घालून पुन्हा आवळले आणि वाचन ०.१० वर आले. इतकी बारीक घट डोळ्यांना कळली नसती. बसवणीच्या दिवशीचे आकडे लिहिलेले होते म्हणून ती सापडली.

डाव्या दिव्याचा लो बीमचा १० ॲम्पियरचा फ्यूज मुद्दाम काढून पाहिला. उजवा दिवा नेहमीसारखा चालू राहिला. वायरिंगची आकृती, पिनांचे क्रमांक, फ्यूजचे आकडे आणि घटीची मूळ वाचने एका कागदावर लिहून, प्लॅस्टिकमध्ये बंद करून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहेत. एक जादा रिले आणि दोन्ही मापांचे फ्यूज गाडीच्या अवजारांच्या डब्यात ठेवले आहेत. पुढचे मोजमाप बल्ब बदलण्याच्या वेळी करायचे आहे.